पुतळाबायच्या दारी उशिरा येणारी पत्रं

करावे गावात पुतळाबायचं घर विचारलं तर घराचा नंबर कोणी सांगत नाही. "गावदेवीमागच्या गल्लीत जा. ज्या पायरीवर कुणीतरी बसून चहा पीत असेल, ते घर," एवढंच सांगतात आणि माणूस बरोबर पोचतो.

त्या घराच्या पहिल्या मजल्यावर मी नऊ वर्षं भाड्यानं राहते. त्याआधीची चाळीस वर्षं नाटकाच्या दौऱ्यांवर गेली. मी कधी नायिका नव्हते. मोलकरीण, शेजारीण, खाष्ट आत्या आणि केस पांढरे झाल्यावर सगळ्यांची आजी, अशी माझी कामं. दौरे थांबले तेव्हा सीवूड्सच्या तीन सोसायट्यांत खोली बघितली. एकटी बाई, त्यात नटी, म्हणून तिन्हीकडून गोड शब्दांत नकार मिळाला. पुतळाबायनं मात्र एकच प्रश्न विचारला.

"मच्छीचा वास चालंल ना?"

"चालेल," मी म्हटलं.

"मंग सामान आन."

तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. लोक मोठमोठ्या माणसांवर लिहितात. मला या एका बाईचे आभार मानायचे आहेत आणि समोर उभं राहून मानले तर ती म्हणेल, "राजबाय, नाटक नको करू." माझं नाव राजेश्वरी. पण ते लांबलचक नाव तिनं पहिल्याच दिवशी अर्ध्यावर आणलं.

पुतळाबायनं पस्तीस वर्षं मासळी विकली. नवरा खाडीत जाळं लावायचा, ही डोक्यावर पाटी घेऊन निघायची. आधी नेरूळ, मग सीवूड्सच्या इमारती उभ्या राहिल्या तशी त्यांच्या दारोदार. नवरा गेला, गुडघे गेले, आणि मुलगा विपुल चार पैसे कमावता झाला. त्यानं जुन्या घराच्या जागी तीन मजले चढवले, भाडेकरू ठेवले, आणि एक दिवस आईची पाटी उचलून माळ्यावर टाकली. "आता आराम कर," म्हणाला. त्यानं प्रेमानंच केलं. पण त्या दिवसापासून ही पायरीवर बसून राहू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजायचा आणि मधेच मला हाक मारून विचारायचं, "राजबाय, आज वार कोनता?" जिला बुधवार-शुक्रवार पायांना कळायचे, तिला आता वार विचारावे लागत होते.

अशात तिला काम मिळालं. तिची सून प्रिया हिची एक मैत्रीण, उन्नती, पत्रांच्या पाहणीचं काम करणाऱ्या एका संस्थेत होती. टाकलेलं पत्र माणसाच्या घरी किती दिवसांनी पोचतं, हे ती संस्था तपासायची. त्यासाठी दिवसभर घरी असणारी माणसं त्यांना हवी होती. त्यांच्या नावावर साधी, कुणाच्याही पत्रासारखी दिसणारी पाकिटं यायची. पाकिटात नंबर लिहिलेली चिठ्ठी असायची. ज्या दिवशी पत्र हातात पडेल ती तारीख आणि तो नंबर वहीत लिहायचा. बदल्यात महिन्याला थोडे पैसे.

उन्नती समजवायला घरी आली, तेव्हा मीही खाली होते. पुतळाबायनं तिला आधी चहा दिला, मग तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी दिली आणि मगच बोलू दिलं.

"एक अट आहे, आजी," उन्नती म्हणाली. "पोस्टमनला हे कळता कामा नये. शेजाऱ्यांनाही शक्यतो नको."

"का गो?"

"त्याला कळलं तर तो तुमचीच पत्रं आधी आणून देईल. मग बाकीच्यांची कशी पोचतात ते आम्हाला कसं कळणार?"

पुतळाबायनं मान डोलावली. "म्हंजे मी तराजूचा काटा धरनारी. काट्याला बोट लावायचा नाय."

उन्नती हसली. "अगदी तसंच."

"आनि ही राजबाय? ही भाडेकरीन हाय, पन घरचीच."

"आजींना वाचायला मदत लागेल तेवढी करा," उन्नती मला म्हणाली. "पण बाहेर नाही."

विपुल संध्याकाळी आला आणि त्याला हसू आवरेना. "आई, तुला कोण पत्र लिहिणार? आणि पैशाला काय कमी आहे का आपल्याकडं?"

"पैशाचा नाय बोलत मी," ती म्हणाली. "मना कोनीतरी कामाला ठेवलाय."

प्रियानं भिंतीवरच्या कॅलेंडरखाली एक खिळा ठोकून दिला, वही अडकवायला. चौथीपर्यंत शिकलेली पुतळाबाय आकडे मोठे आणि ठसठशीत काढायची, मासळीचे वाटे लावल्यासारखे सुटे सुटे. चिठ्ठीवरचा बारीक नंबर तेवढा मी वाचून दाखवायचे.

पहिलं पत्र आलं आणि आमचा पहिलाच प्रयोग पडला. आमच्या गल्लीचा पोस्टमन कृष्णात. पाटणकडचा माणूस, चाळिशीचा, बोलायला हळू. बायको आणि दोन मुली गावी. हा इकडं खांदेश्वरला चौघांत मिळून घेतलेल्या एका खोलीत राहायचा. यापूर्वी आमच्या घरी बँकेचं एखादं पाकीट आलं तर तो ते दारातून सरकवून पुढं जायचा. त्या दिवशी मात्र पुतळाबाय पायरीवर बसूनच होती. तिनं ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि तिचा चेहरा लाल झाला.

"आला काय? आला. कोनाचा असंल? मना तर कोन पत्र लिवीत नाय," ती एका दमात म्हणाली.

कृष्णात थबकला. "मावशी, कोर्टाची नोटीस आल्यागत का थरथरताय? साधं पाकीट हाय."

"नाय, नाय. मना कायच माहीत नाय यातला."

तो गेल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "राजबाय, मना खोटा बोलता येत नाय. याला कलनार. दोन दिसात कलनार. तुमच्या नाटकात कसा करतात?"

चाळीस वर्षांत मला कुणी अभिनयाबद्दल काही विचारलं नव्हतं. दिग्दर्शक सांगायचे, आम्ही करायचो. मला इतका आनंद झाला की मी साडीचा पदर खोचून उभीच राहिले. तिला जिन्याच्या पायरीवर बसवलं, हातात विजेचं बिल दिलं आणि मीच पोस्टमन झाले.

"हे बघ," मी सांगितलं, "खोटं बोलायचंच नाही. पत्राबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पत्र घेताना पत्राकडं बघू नकोस, माणसाकडं बघ. आणि त्याला त्याचं काहीतरी विचार. हातातली वस्तू मोलाची आहे हे समोरच्याला आपल्या डोळ्यांवरून कळतं. डोळे दुसरीकडं असले की हातात काय आहे ते कुणी बघत नाही."

"काय इचारू?"

"काहीही. जे तू कुणालाही विचारशील ते."

आम्ही पाचसहा वेळा तालीम केली. पुढच्या पत्राला मी जिन्यात, अगदी विंगेत उभी राहावं तशी उभी होते. कृष्णातनं पाकीट पुढं केलं. पुतळाबायनं ते न बघता घेऊन मांडीखाली सरकवलं, त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि विचारलं, "जेवलास?"

तो गडबडला. "न्हाय अजून. डबा न्हाय आज. खोलीवर जाऊन खाईन."

इतकं सुंदर काम मी मोठमोठ्या नटांचंही पाहिलेलं नाही. कारण त्यात काम नव्हतंच. तो जेवला नव्हता हे तिनं त्याचं तोंड बघून ओळखलं होतं.

आणि पुतळाबायच्या घरात हा प्रश्न नुसता विचारून सोडता येत नाही. कृष्णात त्या दिवशी भाकरी आणि कोळंबीचं कालवण जेवून गेला. पुढच्या पत्राला बोईट मासे होते. मग हे ठरूनच गेलं. पत्र घेऊन यायचं, पायरीवर पिशवी ठेवायची, हात धुवायचे. जेवताना तो गावचं बोलायचा. मोठी मुलगी सायकल शिकली, धाकटीला गणित नको वाटतं. पुतळाबाय ऐकायची आणि ताटात आणखी वाढायची.

"मावशी, बास झालं. सायकल चालवायची हाय मला."

"सायकल तू चालवतंस ना? मंग तुनाच जोर पायजे. खा."

महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे आले की ती विपुलला ऐकू जाईल अशा आवाजात प्रियाला सांगायची, "चापत्ती माज्या पगारातनं आन." आता वारही ती विचारीत नव्हती. वहीत लिहिता लिहिता तिचे तिलाच कळत होते. मी वरून खाली येताना ती वही उघडून बसलेली दिसली की मला माझ्या पहिल्या नाटकातला मेकअपचा आरसा आठवायचा. काहीतरी आपलं आहे आणि त्यासाठी आपली वाट पाहिली जाते, एवढंच माणसाला लागतं.

चौथ्या महिन्यात उन्नतीचा फोन आला. प्रियानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आजी, एक अडचण आहे," उन्नती म्हणाली. "तुमच्याकडच्या तारखा जुळत नाहीत. एकाच दिवशी टाकलेली पत्रं सीवूड्सच्या घरांत शनिवारी पोचलीत, तुमच्याकडं बुधवारी. एकदा असं होतं. पण हे जवळजवळ दर वेळी झालंय."

"मी आला त्या दिशीच लिवते."

"मला माहीत आहे हो. पण आमचे वरिष्ठ म्हणतात, आजी आठवड्याचं एकदम लिहीत असतील. पुढचा महिना बघू म्हणतात. नाही जुळलं तर तुमचं घर यादीतून काढतील."

फोन बंद झाला. पुतळाबायनं वहीची पानं उलटून एकेक तारीख बघितली.

"पस्तीस वर्सं पाटी वाहिली," ती मग म्हणाली. "सकालची मच्छी सांच्याला ताजी म्हनून कधी इकली नाय. आथा मी खोटी तारीख लिवते?"

काम जाईल याहून हे तिला जास्त लागलं होतं. मी तिला किती समजावलं, पण ती जेवली नाही. प्रियानं विचारलं, "आई, पत्रं मधेच कुठं अडकत असतील का?"

त्याचं उत्तर चार दिवसांनी मिळालं, तेही कुणी न विचारता. बुधवार होता. कृष्णात जेवायला बसला होता. मी खुर्ची ओढून पायरीजवळ बसले होते. सुक्या बोंबलाची चटणी बघून तो खूश झाला.

"तुम्हाला एक गंमत सांगतो, मावशी," तो म्हणाला. "तुमचं पत्र आलं की मी ते पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात वेगळं ठेवतो."

पुतळाबायचा हात भाकरीवर थांबला. "का रं?"

"शनिवार-सोमवार ढीग असतो टपालाचा. त्या दिवशी तुमच्या दारात आलो तर पाकीट टाकून पळावं लागंल. बुधवारी गावठाणात टपाल कमी असतं, निवांत बसता येतंय. म्हनून तुमचं पत्र बुधवारसाठी राखून ठेवतो. साधं पाकीट असतंय, काय घाई न्हाय ना तुम्हाला त्याची?"

मी पुतळाबायकडं बघितलं. जी बाई चार महिन्यांपूर्वी एका पाकिटानं लाल झाली होती, तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"नाय," ती म्हणाली. "मना काय घाई?" आणि तिनं दुसरी भाकरी त्याच्या ताटात ठेवली.

तो सायकलवरून वळणापलीकडं गेला तशी ती भिंतीला टेकली.

"बोट माजाच व्हता, राजबाय," ती म्हणाली. "काट्यावर."

ते बोट तिथं ठेवायला मीच शिकवलं होतं. माणसाकडं बघ आणि त्याला विचार, हे माझंच सांगणं.

त्या दुपारी आम्ही तिघी बसलो. मी, ती आणि प्रिया. कुणीही तोडगा काढला की पुतळाबाय त्यातली खोट शोधायची, मासळी निवडावी तशी.

"त्याला सांगून टाक," मी म्हटलं. "अरे बाबा, पत्र आलं त्याच दिवशी देत जा. एवढंच. पाहणीचं नाव काढू नकोस."

"म्हंजे माजीच पत्रं लवकर आनल. उन्नतीनं हाच नको सांगितला ना? मी शब्द दिलाय."

"मग उन्नतीला खरं कारण कळवू," प्रिया म्हणाली.

"आनि त्याची नोकरी? पोस्टमन पत्र पिशवीत राखून ठेवतं म्हटल्यावर त्याला सोडतील का? दोन पोरी हायेत त्याच्या."

"तर मग जेवायला घालणं बंद करा, आई. नाइलाज आहे."

पुतळाबायनं सुनेकडं अशी नजर टाकली की प्रिया उठून गॅसवरचं दूध बघायला गेली. खरं तर दूध गॅसवर नव्हतंच.

शेवटी तोडगा तिनं स्वतःच काढला आणि तो इतका साधा होता की आमच्या डोक्यात आला नाही याची मला लाज वाटली. पुढच्या वेळी कृष्णात आला तेव्हा जेवण झाल्यावर, हात धुवायला पाणी घालता घालता ती म्हणाली, "यापुढं दर बुधवारी इथंच जेवायचा. पत्र असू दे नायतर नसू दे."

तो संकोचला. "कामाशिवाय कसं येऊ, मावशी? चांगलं दिसत न्हाय."

"जेवना हे काम नाय का? माजा विपुल पन कामाशिवाय येतं घरी. मी त्याला इचारते का, पत्र आनलंस म्हनून?"

मी जिन्यातून पाहत होते. कृष्णात हात धूत राहिला, जरा जास्तच वेळ. "बरं," एवढंच म्हणाला.

पुढच्या शनिवारी घाईघाईत सायकल थांबली, पाकीट पायरीवर पडलं, "येतो मावशी, ढीग हाय" आणि तो गेलासुद्धा. त्यानंतरच्या बुधवारी तो रिकाम्या हातांनी आला, दाराशी क्षणभर उभा राहिला, आणि पुतळाबायनं आतूनच ओरडून सांगितलं, "हात धू, कालवन निवतंय." त्या महिन्यातली पुढची पत्रंही आली तशीच आली, राखून न ठेवता. राखायला आता कारणच उरलं नव्हतं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, शब्द मोडला नव्हता आणि ताटही काढून घेतलं नव्हतं.

मला वाटलं, पडदा पडला. टाळ्या वाजवायला मी तयारच होते.

महिना संपला आणि उन्नतीचा फोन आला. आवाजातच आनंद होता. "आजी, सगळ्या तारखा जुळल्या. तुमचं घर राहणार. फक्त एक करायचं. आधीच्या चार महिन्यांच्या तारखा चुकून लिहिल्या गेल्या, असं मी फॉर्मवर टाकते. तुम्ही फोनवर नुसतं हो म्हणा. ते आकडे बाद होतील आणि विषय संपेल."

प्रिया खुणेनं सांगत होती, म्हणा हो. मीही मान हलवली. खरं सांगते, मी हलवली. एक शब्द तर होता. रंगमंचावर याहून मोठी खोटी वाक्यं मी रोज दोनदा बोलले आहे.

पुतळाबायनं वही खिळ्यावरून काढून मांडीवर घेतली.

"चुकून नाय लिवल्या," ती म्हणाली. "त्या दिशी पत्र हातात आला, त्या दिशीच लिवला."

"आजी, मग उशीर का व्हायचा? आणि आता का होत नाही?"

"ता माज्या घराच्या रितीमुले व्हता. दुसऱ्या कोनाचा नाव मी घेनार नाय, आनि तूही इचारू नको. पन एक सांगते. माज्या घरी पत्र कसा येतं, यावरून करावे गावाचा टपाल मोजू नका. माजा घर काट्याला बरोबर नाय. तवाही नव्हता, आथाही नाय."

दर बुधवारी घरी जेवणारा माणूस तिचं पत्र इतरांसारखं कसं आणणार, हे तिचं म्हणणं मला कळलं. मग उन्नती हळू आवाजात म्हणाली, "असं लिहिलं तर मला तुमचं नाव काढावं लागेल."

"काढ. पन चुकून लिवला, असा लिवू नको."

तिनं फोन प्रियाच्या हातात दिला आणि वही दोन्ही हातांनी मिटली. त्या कामावर तिचा जीव होता. ते तिच्याकडून कुणी काढून घेतलं नाही. तिनं स्वतःच्या हातानं खाली ठेवलं. हे नुसतं हो म्हणण्याइतकं सोपं नसतं.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. ती पाहणी कधीच संपली. पोस्टमननं अनेक वर्षं मागितलेली बदली त्याला मिळाली आणि तो आपल्या मुलींजवळ गेला. कृष्णात हे त्याचं खरं नाव नाही. तिनं जे पोटात ठेवलं ते मी कागदावर कशाला उघडं करू? जाण्याआधी तो बायकोला आणि मुलींना घेऊन करावेला आला होता. पत्रांच्या पाहणीबद्दल त्याला आजही काही माहीत नाही. धाकट्या मुलीनं पुतळाबायला विचारलं, "आजी, आमचे पप्पा तुमच्याकडं काय करायचे?" ती म्हणाली, "जेवाचे."

मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या चांगल्या बायका रंगवल्या. त्यागाची भाषणं केली, त्यांवर टाळ्या घेतल्या, गजरे घेतले. ते लिहिणाऱ्यांचे आणि बघणाऱ्यांचे माझ्यावर उपकार आहेतच. पण भाषणाशिवाय चांगलं कसं वागतात, हे मला सत्तरी उलटल्यावर एका मासळीवालीनं, भाड्याच्या खोलीच्या जिन्यात उभं राहून बघू दिलं. त्या जिन्यातली जागा कुठल्याही तिकिटाला मिळत नाही.

तेव्हा यादीतून तिचं नाव काढल्यावर दोन आठवडे ती पुन्हा नुसतीच पायरीवर बसून होती. मला भीती वाटायला लागली होती. मग एका सकाळी उन्नती स्वतःच आली. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणाली. चहा झाला, भाकरी झाली आणि मगच तिला बोलू दिलं गेलं.

"आजी, पत्रं घेणाऱ्यांच्या यादीत तुम्हाला ठेवता येत नाही. पण पत्रं टाकणारी माणसंही लागतात. आम्ही पाकिटं घरी पाठवू. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरल्या पेटीत टाकायचं आणि वेळ लिहायची. माझ्या वरिष्ठांना मी तुमचं ते वाक्य सांगितलं, घर काट्याला बरोबर नाही हे. ते म्हणाले, वेळ लिहायला अशीच बाई पाहिजे."

"पेटी लांब हाय का?"

"तलावापलीकडच्या रस्त्यावर. तुमचे गुडघे..."

"गुडघ्याचा मी बघते," पुतळाबाय म्हणाली.

आम्ही दोघी जायचो. ती काठी टेकत, मी तिच्या कोपराला धरून. एवढ्याशा वाटेला आम्हाला वीस मिनिटं लागायची, कारण वाटेत भेटणारा प्रत्येकजण थांबायचा. "पुतळाबाय, किती दिसानी बाहेर पडलीस गो? कोलंबी आनलीस का?" आणि ती म्हणायची, "आज कोलंबी नाय, आज दुसरा माल." पाठीमागून कुणी हसलं तरी तिला फिकीर नव्हती. ती वेळेवर पोचण्याच्या घाईत असायची.

पहिल्या दिवशी पेटीसमोर उभं राहून तिनं पाकीट माझ्यापुढं धरलं.

"कोनाकडं जातंय, वाच ना."

मी वाचलं. नाशिककडच्या कुठल्याशा बाईचं नाव होतं.

पाकीट पेटीच्या तोंडाशी धरून ती जरा थांबली. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"राजबाय," ती म्हणाली, "ही बाय तरी पोस्टमनला जेवाला बसवत नसंल ना?"

"काय माहीत," मी म्हटलं.

तिनं थोडा विचार केला. "बसवत असंल तर बसवू दे," ती म्हणाली, पत्र आत सोडलं आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळात वाकून बघत वेळ विचारली.